घरबसल्या चित्रकाराची नेमणूक

दुकानाची पाटी रंगवून घ्यायची तर पेंटरला बोलावावे, त्याने शिडी आणि रंगाचे डबे घेऊन यावे, आपण खाली उभे राहून "वेलांटी जरा वर घ्या" म्हणावे आणि दिवेलागणीला हिशेब चुकता करावा, अशी आपल्या अकलूजच्या बाजारपेठेत कैक वर्षे रीत होती. कारागीर समोर, काम समोर आणि पैसाही समोर. त्यामुळे करारपत्राची आठवण कोणाला झाली नाही. पुढे फ्लेक्स आला आणि पेंटर शिडीवरून उतरला. संगणकाने तर फ्लेक्सवरचे चित्र जुळवणाऱ्यालाही छापखान्यातून उठवले आणि त्याच्या घरी नेऊन बसवले. २५ मार्च २०२० रोजी देशभर टाळेबंदी झाली, तेव्हा पुण्यामुंबईची पुष्कळ मुले आपापल्या गावी परतली आणि गावातूनच शहरातली कामे करू लागली. टाळेबंदी उठली तरी त्यांतली काही परत गेली नाहीत. आज असे छोटे स्टुडिओ निघाले आहेत की ज्यांना जागाच नाही. चालक पुण्याला, एक जण कोल्हापूरला, एक अकलूजला आणि हिशेब पाहणारी बाई नाशकाला. अशा स्टुडिओला पाचवा माणूस, म्हणजे एक ग्राफिक डिझायनर, घ्यायचा झाला तर त्याने तो कसा घ्यावा, आणि आपल्या गावातल्या मुलाने किंवा मुलीने अशा ठिकाणी रुजू होताना काय पाहावे, हा आजचा विषय आहे.

कामगार चळवळीतल्या माणसाने चित्रकलेत कशाला पडावे, असे कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. रंगसंगतीतले मला फारसे कळत नाही. परंतु मालकापासून दूर, स्वतःच्या घरात बसून, नगावर काम करणे ही गोष्ट सोलापूर जिल्ह्याला नवीन नाही. संगणक येण्याच्या कितीतरी आधीपासून आपल्याकडच्या विडी वळणाऱ्या बायका हेच करीत आल्या आहेत. त्यांच्या अनुभवातून जो कायदा उभा राहिला तो या नव्या कामाला कोठे लागू पडतो हे सांगायला चित्रकार असण्याची गरज नाही.

प्रथम हे काम म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो, कारण पुष्कळ पालकांची समजूत अशी असते की ज्याला चित्र काढता येते तो डिझायनर. तसे नाही. मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेत १९३५ साली 'कमर्शिअल आर्ट'चा वेगळा विभाग निघाला आणि पुढे त्याचीच स्वतंत्र उपयोजित कला संस्था झाली. वेगळा विभाग काढावा लागला तो यासाठी की चित्र सुंदर असणे आणि चित्राने दुसऱ्याचे काम करणे यांत अंतर आहे. दीनानाथ दलालांनी १९४५ साली 'दीपावली' मासिक काढले आणि पुस्तकांची असंख्य मुखपृष्ठे केली. त्या मुखपृष्ठांत चित्राइतकाच विचार पुस्तकाचे नाव कोठे बसेल याचा असे. कमल शेडगे यांनी नाटकांच्या जाहिरातींतील नावांना जे अक्षररूप दिले त्यात पुष्कळदा चित्र नव्हतेच, अक्षरच चित्र झाले होते. डिझायनर तो, जो मजकूर, चित्र, अक्षर आणि मोकळी जागा यांची अशी जुळणी करतो की वाचणाऱ्याला हवे ते चटकन सापडावे. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षेत वरची श्रेणी मिळवलेल्या मुलाला हे येईलच असे नाही, आणि त्या परीक्षांना न बसलेल्यालाही ते येऊ शकते.

आता नेमणुकीकडे वळू. स्टुडिओचालक बहुतेक वेळा जाहिरात आधी लिहितो आणि कामाचा विचार मागाहून करतो. जाहिरातीत मग छायाचित्र, चलच्चित्र, बोधचिन्ह, संकेतस्थळ, मराठी-इंग्रजी मजकूर, सारेच एका माणसाकडून मागितलेले असते आणि पगाराच्या जागी 'योग्यतेनुसार' असा शब्द असतो. हा शब्द मला गिरणीच्या फाटकावरच्या पाट्यांपासून ओळखीचा आहे. त्याचा व्यवहारातला अर्थ 'तुमच्या गरजेनुसार' असा होतो. चालकाने आधी मागच्या सहा महिन्यांतली कामे कागदावर मांडावीत. किती अहवाल, किती वेष्टने, किती जाहिराती, त्यांतली कोणती वेळेवर गेली नाहीत आणि ती का अडली, हे लिहिले की बहुधा असे दिसते की पाचव्या माणसाकडून दोनच गोष्टी हव्या आहेत. साखर कारखान्याचा वार्षिक अहवाल जुळवायला जो माणूस लागतो तो आकड्यांच्या कोष्टकाला न कंटाळणारा लागतो. लावणी स्पर्धेचे भित्तिपत्रक करणारा वेगळा. दोन्ही एकात मिळाले तर उत्तमच, पण तशा माणसाची किंमतही तशीच द्यावी लागेल, आणि ती जाहिरातीतच आकड्यांत छापावी.

उमेदवार आपली जुनी कामे दाखवतो. ती पाहताना 'छान' किंवा 'बरे नाही' एवढ्यावर थांबू नये. एकेक काम समोर ठेवून विचारावे की यात तुमचा हात कोणता? अक्षर तुम्ही निवडलेत का? गिऱ्हाइकाने आधी काय मागितले होते? कोणता आराखडा टाकून दिला आणि का? ज्याने स्वतः काम केले आहे तो टाकून दिलेल्या आराखड्यांविषयी भरभरून बोलतो. दुसऱ्याचे काम आपले म्हणून आणणारा नेमका येथे अडखळतो. दूर बसून काम करणाऱ्याच्या बाबतीत आणखी एक गोष्ट पाहावी लागते, ती म्हणजे लिहिणे. शेजारच्या टेबलावर बसलेला माणूस मान वळवून शंका विचारतो. अडीचशे किलोमीटरवर बसलेल्याला ती लिहून विचारावी लागते. म्हणून उमेदवाराने पाठवलेले पत्र नीट वाचावे. भाषा अलंकारिक नसली तरी चालेल, काय झाले, काय राहिले आणि कोठे अडले हे चार ओळींत सांगता आले पाहिजे.

मराठीत काम करायचे असेल तर देवनागरीची पारख करायलाच हवी, आणि येथे मोठमोठे स्टुडिओ हयगय करतात असे दिसते. 'सुऱ्या' आणि 'सूर्या' यांतला र वेगळा बसतो. राज्य शासनाने २००९ साली प्रमाण देवनागरी ठरवून देताना पाकळीचा ल आणि देठाचा श स्वीकारला, पण हिंदी वळणाचे टंक वापरणाऱ्याला त्याचा पत्ताही नसतो. दुसरी अडचण जुन्या टंकांची. आपल्याकडच्या पुष्कळ छापखान्यांत अजून युनिकोडपूर्व टंकांत काम चालते. त्या टंकात जुळवलेला मजकूर दुसऱ्या संगणकावर तोच टंक नसेल तर अगम्य चिन्हांच्या रूपात उतरतो. एका खोलीत बसणाऱ्यांचे यावाचून अडत नाही, पण पाच गावांत पाच संगणक असले की अडतेच. र. कृ. जोशी यांनी घडवलेला 'मंगल' टंक मायक्रोसॉफ्टच्या संगणकांबरोबर घरोघर पोचला तेव्हापासून निदान मजकूर सगळीकडे वाचता येतो, हा त्यांचा केवढा उपकार आहे हे आपण विसरतो. तसेच रंगाचे. संगणकाचा पडदा लाल, हिरव्या आणि निळ्या प्रकाशाने रंग दाखवतो, छापखाना चार शायांनी रंग उठवतो. अहवालाच्या मुखपृष्ठावर पडद्यात लखलखणारा उसाचा हिरवा रंग कागदावर मळका उतरतो तो यामुळे. उमेदवाराला हे फरक ठाऊक आहेत की नाहीत ते पाच मिनिटांच्या बोलण्यात कळते. त्यासाठी त्याच्याकडून फुकट काम करून घ्यावे लागत नाही.

फुकट कामाचा उल्लेख आला, तर त्याच्यापाशी जरा थांबतो, कारण सगळ्या विषयाची मेख येथे आहे. नेमणुकीपूर्वी 'चाचणी' म्हणून काम देण्याची पद्धत या धंद्यात रूढ झाली आहे. चाचणी वाईट नव्हे. परंतु माझ्या पाहण्यात असा एक मुलगा आहे की ज्याने एका वर्षात चार ठिकाणी चाचणी दिली. प्रत्येक ठिकाणी त्याला खऱ्या गिऱ्हाइकाचे खरे काम दिले होते, कोठे एक बोधचिन्ह, कोठे मिठाईच्या खोक्याचे चित्र. चारही ठिकाणांहून 'कळवू' असे उत्तर आले आणि नंतर काही कळले नाही. त्याने केलेली चित्रे पुढे वापरली गेली की नाही, हे त्याला अकलूजमध्ये बसून कसे समजणार?

विडीच्या धंद्यात याला एक शब्द आहे, छाट. कारखानदार किंवा त्याचा कंत्राटदार तेंदूची पाने, तंबाखू आणि दोरा देतो. बाई घरी बसून हजाराच्या हिशेबाने विड्या वळते आणि नेऊन देते. तेथे तपासणारा त्यांतल्या काही वाईट म्हणून बाजूला काढतो, त्यांचे पैसे मिळत नाहीत. वाईट माल नाकारण्याचा हक्क कोणीही मान्य करील. पण किती नाकारावा याला धरबंध नव्हता आणि नाकारलेली विडी बहुधा बाईला परतही मिळत नसे. म्हणजे विडी वाईट म्हणून मजुरी नाही आणि विडी मात्र मालकाच्या घरात. यावर आरडाओरडा, मोर्चे, संप झाले. अखेर १९६६ साली विडी आणि सिगार कामगारांचा कायदा झाला आणि त्याने घरी काम करणाऱ्या बाईलाही कामगार मानले. महाराष्ट्राच्या नियमांत छाटीला मर्यादा आली. साधारणतः शेकडा अडीचपेक्षा अधिक विड्या नाकारता येऊ नयेत, त्याहून अधिक नाकारायच्या तर कारण लेखी नोंदवावे आणि शेकडा पाचापलीकडे जाऊच नये. कारखानदार सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, पण १९७४ साली न्यायालयाने कायदा वैध ठरवला. नोव्हेंबर २०२५ मध्ये तो कायदा नव्या संहितेत विलीन झाला, तरी त्यामागचा विचार जुना होण्यासारखा नाही. नाकारणाऱ्याने कारण द्यावे आणि नाकारलेला माल ठेवून घेऊ नये.

हाच न्याय चाचणीला लावा. चाचणीचे काम काल्पनिक असावे, चालू गिऱ्हाइकाचे नसावे. ते अर्ध्या दिवसात होण्यासारखे असावे आणि त्या अर्ध्या दिवसाचे पैसे ठरवून द्यावेत. दहा उमेदवारांना चाचणीला बसवण्यापेक्षा जुनी कामे पाहून तिघांना निवडावे, म्हणजे पैसे देणे जड जात नाही. ज्याला घेणार नाही त्याला आठ दिवसांत दोन ओळींचे सकारण उत्तर द्यावे आणि त्याचे चित्र वापरणार नाही असे लिहून द्यावे. यावर चालक म्हणतात, आम्ही लहान माणसे, आम्हाला हे कसे परवडणार? लहान चालकाचे हाल मला ठाऊक आहेत, त्याचेही पैसे गिऱ्हाइकाकडे अडकलेले असतात. पण त्याच्याहून लहान असलेल्याने ते भरून काढावेत, याला कोणताच हिशेब नाही.

माणूस निवडला की प्रश्न येतो तो नोकर की कंत्राटदार हा. स्टुडिओला दुसरे सोयीचे वाटते. 'फ्रीलान्स' हा शब्द मुलांनाही आवडतो, त्यात मोकळेपणाचा वास आहे. कायदा मात्र नाव पाहत नाही, व्यवहार पाहतो. नागपूरच्या एका विडी कारखान्याचा खटला सर्वोच्च न्यायालयात १९६१ साली निकालात निघाला. कामगार केव्हाही येत, केव्हाही जात, पैसे विड्यांच्या संख्येवर मिळत. मालक म्हणाला, हे माझे कामगारच नव्हेत. न्यायालयाने ते मानले नाही. १९७३ साली शिलाई दुकानाच्या खटल्यात तर असे ठरले की शिंप्याने काही काम घरी नेले, दुसऱ्याचेही शिवले, तरी कापड कसे शिवावे हे सांगण्याचा आणि पसंत नसेल तर उसवून पुन्हा शिवायला लावण्याचा अधिकार ज्याच्याकडे आहे तो मालक ठरतो. 'कापड' या शब्दाच्या जागी 'चित्र' घाला. सकाळी दहाला हजर राहा, आमच्याशिवाय कोणाचे काम घेऊ नका, रोज संध्याकाळी दाखवा आणि म्हणू तितके बदल करा, असे सांगणारा स्टुडिओ करारावर काहीही लिहो, तो नोकरीच देत असतो. उलट जो स्वतःच्या वेळेने, स्वतःच्या दराने, चार गिऱ्हाइकांचे काम करतो तो खरोखरीच स्वतंत्र धंदेवाला आहे. त्याला विनाकारण हजेरीत अडकवू नये.

दोन्हींचे हक्क वेगळे आहेत. नोकर असेल तर २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेली वेतनसंहिता त्याला लागू आहे, मग स्टुडिओत दोनच माणसे का असेनात. महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत मिळाला पाहिजे. किमान वेतनापेक्षा कमी देता येत नाही. त्याच किंवा तशाच कामासाठी माणूस घेताना बाई म्हणून वेगळा न्याय लावता येत नाही. मुलीला "लग्न ठरले आहे का" विचारणाऱ्यांनी ही शेवटची ओळ दोनदा वाचावी. भविष्यनिर्वाह निधीची सक्ती मात्र २० माणसांपासून आणि राज्य कामगार विम्याची साधारणतः १० पासून सुरू होते. पाच जणांच्या स्टुडिओला यांतले काहीच बंधनकारक नाही, आणि घरबसल्या नोकरीतली सर्वांत मोठी उणीव मला ही वाटते. आजारपण आले तर घरचे पाहतील, असे चालकही समजतो आणि घरचेही. ज्या स्टुडिओला माणूस टिकवायचा आहे त्याने निदान आरोग्य विम्याचा हप्ता भरावा. भविष्यनिर्वाह निधीतही स्वेच्छेने सामील होता येते.

स्वतंत्र धंदेवाल्याला हे काही नाही. परंतु त्याच्या हाती दुसरे एक शस्त्र आहे आणि ते फारच थोड्यांना ठाऊक आहे. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्याखाली 'उद्यम' नोंदणी केलेल्या एकट्या डिझायनरलाही लघुउद्योगाचे संरक्षण मिळते. काम घेणाऱ्याने ठरलेल्या मुदतीत पैसे द्यायचे आणि ती मुदत लेखी करारानेही ४५ दिवसांपुढे नेता येत नाही. करार नसेल तर १५ दिवस. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँकदराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. नोंदणीला पैसे पडत नाहीत. काम हाती घेण्यापूर्वीच ती करून ठेवावी, पैसे थकल्यावर धावपळ करण्यात अर्थ नाही.

चित्र कोणाचे, यावरही मोठा गोंधळ असतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे नोकरीत असताना नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कामाचा पहिला मालक, वेगळे ठरले नसेल तर, नोकरी देणारा असतो. स्वतंत्रपणे काम करणाऱ्याच्या बोधचिन्हाचा हक्क मात्र नुसते पैसे दिल्याने आपोआप बदलतो असे समजू नये. हक्क सोडायचा तर लेखी आणि सहीनिशी सोडावा लागतो. त्या कागदात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षांची धरली जाते, आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता. म्हणजे कागद न करणारा स्टुडिओ गिऱ्हाइकाला जे विकतो ते पुरते त्याच्या मालकीचे असेलच असे नाही. कागद करणे हे दोघांच्याही हिताचे आहे. हक्क विकला तरी 'हे मी केले' असे सांगण्याचा कर्त्याचा अधिकार कायद्याने शिल्लक राहतो. पुढच्या नोकरीसाठी जुनी कामे दाखवायची मुभा करारातच लिहून घ्यावी.

आता रोजच्या गोष्टी. नेमणूकपत्रात कामाचे तास लिहावेत, आणि सर्वांनी एकाच वेळी हजर राहण्याचे दोन-तीन तास ठरवून बाकीचे मोकळे ठेवावेत. एका कामात बदलाच्या किती फेऱ्या पगारात धरल्या आणि त्यापुढच्या फेऱ्यांचे काय, हे ठरवावे. गिऱ्हाइकाचे सूचनापत्र एकाच माणसाकडून यावे. तिघांनी तीन दिशांनी लाल खुणा केल्या की दूरवर बसलेला बिचारा कोणाचे ऐकणार? संगणक कोणाचा, टंकांचे परवाने कोणाच्या नावावर, इंटरनेटचा खर्च कोणी भरायचा, तेही लिहावे. चोरीचे टंक वापरायला लावून पकडले गेल्यावर 'त्यानेच वापरले' म्हणणारे चालक आहेत. वीज जाणे ही आपल्याकडे बातमी नव्हे. इन्व्हर्टरचा खर्च कामाच्या खर्चात धरावा आणि वीज नसलेल्या तासांना गैरहजेरी लावू नये. काही ठिकाणी कामगाराच्या पडद्याची दर पाच मिनिटांनी छायाचित्रे घेणारी यंत्रणा बसवतात. गिरणीतला मुकादमसुद्धा घरात डोकावत नव्हता. काम मोजायचे असेल तर झालेले काम मोजावे.

आणखी एक गोष्ट मुलांसाठी. घरी बसणाऱ्याला चहाची टपरी नसते आणि टपरीवर जे कळते तेही कळत नाही, म्हणजे शेजारच्याला पगार किती, रजा किती, कोणाचे पैसे बुडाले. विडीवाल्या बायका निदान माल द्यायला एका ओळीत उभ्या राहत, त्या ओळीतच त्यांच्या संघटना जमल्या. तुम्हाला ओळ नाही. तेव्हा तालुक्यातल्या असे काम करणाऱ्या दहा-पंधरा जणांनी महिन्यातून एकदा एकत्र बसावे आणि दर सांगावेत, न लाजता.

नोकरी सुटायची वेळ आली तर वेतनसंहितेप्रमाणे, राजीनामा असो वा काढून टाकणे असो, राहिलेले वेतन कामाच्या दोन दिवसांत द्यावे लागते. त्याच दोन दिवसांत माणसाने सगळ्या मूळ फाइली, वापरलेल्या टंकांची यादी आणि अर्धवट कामांची स्थिती लिहून स्टुडिओच्या हवाली करावी. स्टुडिओने त्याला कामाच्या कालावधीचा दाखला द्यावा, त्यात त्याने केलेल्या कामांची नावे घालावीत, आणि संगणक स्टुडिओचा असेल तर तो परत नेण्याचे भाडे स्टुडिओनेच भरावे.